चाललंय आमचं

मेरीपोर्ट,
३ ऑक्टोबर

प्रिय एव्रिल,

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. मागच्या वेळी मी "नॉर्माला घरी आणलं" म्हणालो आणि तू "कुणी हाणलं?" म्हणून किंचाळलीस, तेव्हापासून मी फोनचा धसकाच घेतला आहे. तुझे कान गेले आणि माझा धीर गेला. आपलं पत्रच बरं.

नॉर्मा घरी आहे. जुलैतल्या झटक्यानंतर उजवी बाजू लुळी पडली ती पडलीच, पण खरं दुखणं डोक्याचं आहे. ते आधीच सुरू झालं होतं, मीच मानत नव्हतो. आठवडाभर ती माझ्याशी अक्षर बोलत नाही. बोलली तर मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारते. पण दिव्याचं बटण बघ, तिचा हात न चुकता त्यावर जातो. या घराची तिला अजून सवय आहे. ती इथंच राहावी, शेवटपर्यंत माझ्याजवळ राहावी, याखेरीज मला आता काही नको आहे.

हॉस्पिटलातून सोडताना इथल्या कौन्सिलने काही आठवड्यांसाठी सकाळची मदतनीस दिली आहे. टेंडाई नावाची, झिम्बाब्वेची. पोरगी गुणाची आहे. येते ती धावत आणि जाते ती धावत, कारण पाव तासात नॉर्माला उठवायचं, धुवायचं, कपडे घालायचे, भरवायचं आणि पुढचं घर गाठायचं. पण मला सांग, माणूस दारात आलं की चहा विचारायचा नाही? मी किटली चढवायचो. ती म्हणायची, "मिस्टर टायसन, खरंच वेळ नाही हो." मी म्हणायचो, "अगं पोरी, चहाला कसला आलाय वेळ, बस!" बिचारी एका हाताने उकळता चहा पिणार आणि दुसऱ्या हाताने नॉर्माचे केस विंचरणार. गेल्या सोमवारी मी मनुकांचा फ्रूट लोफ कापायला काढला आणि आंघोळच राहिली. तेव्हा ती हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही मला पाहुणी समजताय तोवर आजींच्या अंगाला पाणी लागणार नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तिचा चहा फ्लास्कमध्ये भरून दारात ठेवतो.

काळजीची गोष्ट पुढेच आहे. हे आठवडे संपत आले. सोळा तारखेला कौन्सिलची बाई घर बघायला येणार आहे. मदत पुढे चालू ठेवायची की नाही हे ती ठरवणार. बंद झाली तर नॉर्माला उचलणं माझ्याने होणार नाही, आणि मग तिला कुठल्या तरी वृद्धाश्रमात टाकतील, डोंगरापलीकडे, जिथं बससुद्धा धड जात नाही.

म्हणून तयारीला लागलोय. खिडक्या पुसल्या, पायरी घासली, लेमन केक सांगून ठेवला. तुझा खुबा कसा आहे? तुझी ती मदतनीस किर्स्टी येते ना वेळेवर?

तुझा,
क्लिफर्ड

&nbsp;

क्रोमर,
८ ऑक्टोबर

क्लिफ,

खिडक्या पुसल्यास? गाढवा!

नीट वाच आणि दोनदा वाच. ती बाई पाहुणी नाही. ती तुमचे हाल किती आहेत ते बघायला येणार आहे, आणि तू ते हाल धुऊन, घासून, इस्त्री करून कपाटात ठेवतो आहेस. तिला काय दिसणार? चकचकीत खिडक्या आणि लेमन केक. म्हणेल, हे म्हातारा-म्हातारी तर माझ्यापेक्षा मजेत आहेत.

दाढी करू नकोस. रात्रीच्या चादरी धुवायच्या राहू दे, जिन्यात पडू दे. लग्नातल्या कपबश्या काढल्यास तर माझ्याशी गाठ आहे. नॉर्माला नेहमी ज्या अवतारात असते त्याच अवतारात बसव. मला ठाऊक आहे हे तुला लाजिरवाणं वाटेल. वाटू दे. लाज एका दुपारची असते.

आणि ती "कसं चाललंय?" विचारेल तेव्हा "चाललंय आमचं" म्हणायचं नाही. हा शब्द म्हणजे आपल्या घराण्याचा रोग आहे. बाबा खोकल्यातून रक्त टाकत होते आणि डॉक्टरला म्हणाले, "चाललंय." डॉक्टर टोपी घालून निघून गेला. आईने तेच केलं. तू आरशासमोर उभा राहा आणि म्हणायला शीक: माझ्याने होत नाही. तीनच शब्द आहेत. शाळेत तू याहून अवघड कविता पाठ केल्या होत्यास.

माझं म्हणशील तर मी राणीसारखी आहे. ऑपरेशनच्या यादीत नाव आहे, येईल कधीतरी. किर्स्टी मंगळवारी आणि शुक्रवारी येते, टोस्ट करपवते आणि तिच्या त्या मासेमारी करणाऱ्या मित्राच्या कागाळ्या सांगते. मला करमणूक होते. माझी काळजी सोड, त्या सोळा तारखेची कर.

तुझी,
एव्रिल

&nbsp;

मेरीपोर्ट,
१९ ऑक्टोबर

प्रिय एव्रिल,

तुझं पत्र वेळेवर मिळालं. मी ते दोनदा नाही, चारदा वाचलं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं. पण मग सकाळ उजाडली, आणि बाई माणूस घरी येणार म्हटल्यावर माझा हात आपोआप वस्तऱ्याकडे गेला. एकदा दाढी केल्यावर चुरगळलेला शर्ट घालवेना. तिथून पुढचं सगळं तसंच होत गेलं.

हॅलिवेल म्हणून बाई होती. वाईट नव्हती गं. सर्दीने नाक लाल झालेलं, बूट भिजलेले, तिच्या मागे आणखी कितीतरी घरं लागलेली. दारात तिने पाय पुसले आणि मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "या या, आत या! पायरी जपून हं, उंच आहे. बाहेर काय गारठा पडलाय! चहा घेणार ना?"

नॉर्मा बोलत होती, एव्रिल. आठवडाभर जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता ती निळा कार्डिगन घालून खुर्चीत ताठ बसली होती आणि सिलथला समुद्रकाठी आमचं गेस्ट हाउस होतं तेव्हा दारात जशी उभी राहायची तशी हसत होती. तीस वर्षं लोकांचं स्वागत केलं तिने. माझं नाव विसरली, पण ते विसरली नाही.

हॅलिवेल बाई खूश झाल्या. "साखर किती घालू?" असं नॉर्माने विचारलं तेव्हा तर त्यांनी तिचा हात हातात घेतला. मग मला म्हणाल्या, "छानच आहेत हो या! कपडे स्वतः घालतात?"

मी म्हणालो, "थोडा हात लावावा लागतो."

"आणि आंघोळ?"

"जमवतो आम्ही."

"रात्री उठावं लागतं का तुम्हाला?"

"त्याचं काय, म्हातारपणी झोप तशीही कमीच."

"एकंदरीत कसं चाललंय म्हणायचं?"

मला तुझे तीन शब्द आठवत होते. देवाशपथ आठवत होते. पण नॉर्मा माझ्याकडे बघत होती, इतक्या दिवसांनी ओळख असल्यासारखी बघत होती, आणि तिच्यासमोर मी त्या परक्या बाईला सांगू की ही रात्री अंथरूण घाण करते, मला चावते, मी काल न्हाणीघरात बसून रडलो? तिच्या घरात, तिने चहा विचारलेल्या पाहुणीला? मी म्हणालो, "चाललंय आमचं."

बाई गेल्या. दार लागलं तशी नॉर्मा पुन्हा विझली. मी तिचा चहा तिला पाजायला गेलो तर तिने कप उडवला. लग्नातलाच होता.

काल उत्तर आलं. कुटुंब समर्थ आहे, म्हणून सध्या मदतीची गरज दिसत नाही. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून देणार आहेत. टेंडाई आज शेवटची आली. तिने फ्लास्क परत दिला आणि नॉर्माच्या कपाळावर ओठ टेकून गेली.

रागाव माझ्यावर. मला बरं वाटेल.

तुझा,
क्लिफर्ड

&nbsp;

क्रोमर,
२५ ऑक्टोबर

प्रिय क्लिफ,

रागावणार होते. अर्धं पान लिहून फाडलं. नॉर्माने साखर विचारली इथंच मी वाचायची थांबले. मी तिथं असते तर मीही बोलले नसते.

पण आता बस झालं. त्यांना लिही की पुन्हा या. पुन्हा बघा म्हणण्याचा तुला हक्क आहे, तो मागायला लाजू नकोस. आणि या वेळी बाई येईल तेव्हा नॉर्माला आतल्या खोलीत झोपव आणि तू स्वयंपाकघरात बोल.

मीच आले असते. पण किर्स्टीचं आणि त्या मासेवाल्याचं फाटलं आहे, पोरगी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडते, तिला टाकून कुठं येऊ? नाताळनंतर बघू.

दांडीचा उपयोग होतोय का?

तुझी,
एव्रिल

&nbsp;

मेरीपोर्ट,
४ डिसेंबर

प्रिय एव्रिल,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही घडेल अशी वाट बघत होतो.

पुन्हा या म्हणून मी कळवलं. नाव रांगेत लावलंय म्हणाले. दांडी फार उत्तम बसवली आहे, माझं वजन सहज पेलते. नॉर्मा त्या टबात जुलैपासून उतरलेली नाही एवढंच.

गेल्या पंधरवड्यात दुपारी तिला खुर्चीतून उठवताना माझा पाय सरकला आणि आम्ही दोघंही स्वयंपाकघरात खाली आलो. मला फारसं लागलं नाही. तिचा पाय वाकडा झाला होता. मी अँब्युलन्स मागवली, तर फोनवरची मुलगी म्हणाली, "गाडी येईल, पण वेळ लागेल, त्यांना हलवू नका, खायला काही देऊ नका." मी टेबलावरचं कापड ओढून तिच्यावर घातलं, माझा कोट घातला आणि तिच्या शेजारी फरशीवर आडवा झालो, कारण मी खुर्चीत बसलो की ती घाबरत होती. खिडकीत अंधार पडला तरी गाडी नाही. मध्येच ती म्हणाली, "वाळू गार पडली नाही?" मी म्हणालो, "भरती यायला अजून अवकाश आहे." शेवटी गाडी आली. आलेली पोरं चांगली होती. आधीच्या रुग्णासकट हॉस्पिटलच्या दारातच गाडी अडकून पडली होती म्हणाली, आत पलंग रिकामा नव्हता. त्यातल्या एकाच्या डोळ्यात पाणी होतं, मीच त्याला म्हणालो की तुझी चूक नाही बाळा.

पायाचं ऑपरेशन झालं आणि ते नीट पार पडलं. डॉक्टर म्हणतात, आता हिला इथं ठेवायचं कारण नाही. पण घरी दिवसातून चार वेळा दोन माणसं लागतील, आणि तशी माणसंच कुठं मिळत नाहीत. म्हणून ती तिथंच आहे. तिच्यासारख्या बऱ्याच आहेत त्या वॉर्डात, बऱ्या झालेल्या आणि अडकलेल्या. लिफ्टमध्ये एक माणूस बायकोला सांगत होता की ही म्हातारी मंडळी पलंग अडवून बसली आहेत, म्हणून आपल्या आईला व्हरांड्यात झोपवलंय. मी मान खाली घातली. त्याचीही आईच होती ना.

मी रोज दोन बस बदलून जातो आणि तिला दुपारचं भरवतो. नर्सेसना पाणी प्यायला फुरसत नसते.

तुझंही मध्ये पत्र नाही. माझ्यावर रुसली आहेस का?

तुझा,
क्लिफर्ड

&nbsp;

क्रोमर,
१५ डिसेंबर

प्रिय क्लिफ,

हाताला थोडी सूज आहे, म्हणून शेजारच्या लार्टरसाहेबांकडून लिहवून घेते आहे. त्यांचं अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं आहे, सांभाळून घे. (हेसुद्धा लिहायला लावलं.) मला जरा सर्दी होती, बाकी झकास. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. आता डॉक्टर बैठक घेतील तेव्हा त्यांना खरं सांग, क्लिफ. नॉर्मा समोर नसेल, तेव्हा लाजायचं कारण नाही. किर्स्टी तुला नमस्कार सांगते.

तुझी,
एव्रिल

टायसनसाहेब, वरचं तुमच्या बहिणीने सांगितलं तसं लिहिलं. इथून खालचं माझं आहे आणि ते तिला माहीत नाही.

मी टॉम लार्टर, पलीकडच्या घरात राहतो. किर्स्टी नावाची कुणीही इथं येत नाही. कधीच आली नव्हती. उन्हाळ्यात कौन्सिलकडून एक गृहस्थ बघायला आले होते, तेव्हा बाईंनी लिपस्टिक लावलं होतं आणि बागेतले गुलाब कापून त्यांच्या हातात दिले होते, काठीशिवाय फाटकापर्यंत सोडायला गेल्या होत्या. त्यानंतर कुणी फिरकलं नाही. जिना त्या बसून, एकेक पायरी सरकत उतरायच्या. नोव्हेंबरात तेही थांबलं. आता खालच्या खोलीत खुर्चीतच झोपतात. मी रोज विचारायचो, "सगळं ठीक ना एव्रिलबाई?" आणि त्या म्हणायच्या, "चाललंय माझं, तुमच्या गुडघ्याचं काय?" मग आम्ही माझ्या गुडघ्यावर बोलायचो. मला कळायला हवं होतं. गेल्या आठवड्यात पडदे उघडले नाहीत म्हणून मी मागच्या दाराने आत गेलो, तेव्हा चूल गार होती आणि त्या अंगावर दोन कोट घालून बसल्या होत्या. मी दोन्ही वेळचं नेऊन देतो, पण मीही ब्याऐंशीचा आहे.

त्यांनी तुम्हाला हे कळवू नका म्हणून बजावलं होतं. मी कळवलं.

टॉम लार्टर

&nbsp;

मेरीपोर्ट,
१४ जानेवारी

प्रिय एव्रिल,

नॉर्मा गेली. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात. तार करावी तसं एका ओळीत लिहितो आहे, कारण लांबवलं तर लिहिता येणार नाही.

त्या आधीची, डिसेंबरातली बैठक तुला सांगायची आहे. डॉक्टर होते, वॉर्डाची मोठी नर्स होती, कौन्सिलकडून एक तरुण मुलगा होता. त्यांनी विचारायच्या आतच मी सुरू केलं. अंथरूण, चावणं, माझं न्हाणीघरात रडणं, एकदा मी तिच्यावर हात उगारला होता आणि भिंतीवर मारला होता, तेसुद्धा. माझ्याने होत नाही म्हणालो. कुणी मला हसलं नाही. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या मुलाने तिथल्या तिथे मान्य केलं, दिवसातून चार वेळा, दोन माणसं, घरी. इतकं सोपं होतं ते. मग तो म्हणाला, "फक्त माणसं मिळायला हवीत, मिस्टर टायसन. ऑक्टोबरात तुमच्या भागात माणसं पुरवणारी कंपनी याच महिन्यात बंद पडली." टेंडाईची कंपनी. ऑक्टोबरात मी तोंड उघडलं असतं तर टेंडाई आमच्याकडे राहिली असती, नॉर्मा खुर्चीतून पडली नसती, ही गोष्ट मला आता कुणी कितीही समजावलं तरी मनातून जाणार नाही. तू समजावू नकोस.

ती वाट बघत राहिली आणि वॉर्डात सगळ्यांना छातीचा संसर्ग झाला तसा तिला झाला. मी होतो जवळ. पडद्याच्या पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. ती बोलली नाही काही. मीच बोलत होतो, गेस्ट हाउसच्या कोणत्या खोलीत कोण उतरलं होतं ते आठवून सांगत होतो. सात नंबरच्या खोलीपर्यंत आलो होतो.

चॅपलमध्ये बरेच लोक आले. टेंडाई आली, आता शाळेत साफसफाईचं काम करते, कामाच्या कपड्यातच आली होती आणि मागच्या बाकावर बसून मोठ्याने गायली. हॅम सँडविच उरले ते मी तिला बांधून दिले. ती नाही म्हणाली नाही.

आणि काल कौन्सिलकडून फोन आला. मुलीचा आवाज इतका आनंदी होता! "मिस्टर टायसन, चांगली बातमी आहे. तुमच्या मिसेससाठी माणसं मिळाली. सोमवारपासून चारही वेळा. त्यांना घरी आणू या आता."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. आणि म्हणालो, "पोरी, ती आता नाही. पण ही माणसं परत पाठवू नकोस. माझी बहीण आहे, तिच्याकडे लाव. खुर्चीत झोपते ती. मी पत्ता सांगतो, लिहून घे."

तिने पत्ता लिहून घेतला गं, शेवटपर्यंत घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, "हे नॉरफकमध्ये आहे, साहेब. ते आमच्या कौन्सिलकडे येत नाही." मी म्हणालो, "असू दे." ती रडायला लागली. नवीन असावी. तिला शांत करता करता माझा चहा गार झाला.

लार्टरसाहेबांवर चिडू नकोस. त्यांचं आलेलं पत्र मी नॉर्माच्या उशाशी बसूनच वाचलं, आणि मला तुझ्यावर इतका राग आला की नर्सने विचारलं, काय झालं. नंतर तो कुठं गेला ते कळलं नाही. किर्स्टीबद्दल मी काही बोलणार नाही. मला वाटत होतं, तिचं त्या मासेवाल्याशी शेवटी जमेल.

तुझ्या कौन्सिलला मी लिहिलं आहे, सगळं, लिपस्टिक आणि गुलाबांसकट. ते लवकर येतील असं मला वाटत नाही. म्हणून मी गुरुवारी येतो आहे. मला तुला उचलता येणार नाही, तेवढं बळ आता राहिलेलं नाही. पण चूल पेटवता येते, सूप करता येतं, आणि अंथरुणं बदलायला मी शिकलो आहे, चांगला शिकलो आहे. खालच्या खोलीत तुझ्या खुर्चीशेजारी माझ्यापुरती जागा कर. लार्टरसाहेब स्टेशनवर येणार आहेत.

परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझा,
क्लिफर्ड